फुकट मिळणाऱ्या डावाची किंमत



पत्त्यांचा कॅट महाराष्ट्रातील बहुतेक घरांत कुठल्यातरी फळीवर सापडतोच. सुटीत मुले बदाम सात मांडतात आणि लग्नघरी रात्र जागविण्यासाठी वडीलधारी मंडळीही पाने पिसावयास बसतात. त्या कॅटात बावन्न पाने असतात, ती सर्वांना सारखी असतात आणि एकदा कॅट विकत घेतला की त्यापायी पुन्हा पैसा मोजावा लागत नाही. आजच्या भाषणाचा विषय असलेले पत्त्यांचे खेळ मात्र या तिन्ही बाबतींत अगदी निराळे आहेत. ते मोबाइलवर किंवा संगणकावर खेळले जातात. पाने बावन्न नसून हजारोंनी असतात, प्रत्येक भिडूजवळची पाने वेगळी असतात, आणि खेळ फुकट असला तरी त्यापायी होणाऱ्या खर्चाला अंत नसतो.

प्रारंभीच एक खुलासा केलेला बरा. पैसे लावून खेळली जाणारी रमी हा विषय येथे अभिप्रेत नाही. पैसे जिंकण्याच्या अपेक्षेने पैसे लावावयाच्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला, हे सर्वांना ठाऊक आहे. येथे ज्या खेळांचा विचार करावयाचा आहे त्यांत भिडूला रोख रक्कम जिंकता येत नाही. पैसा जातो तो एकाच दिशेने. म्हणूनच तो कसा जातो, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

या खेळांचे मूळ कागदी पत्त्यांतच आहे. रिचर्ड गारफिल्ड या अमेरिकन गणितज्ञाने रचलेला ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा खेळ १९९३ मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने बाजारात आणला. बंद पाकिटात पंधरा पाने असत आणि ती कोणती, हे पाकीट फोडल्याखेरीज कळत नसे. च्युइंगगमच्या वेष्टनातून क्रिकेटपटूंची चित्रे जमविणाऱ्या आपल्याकडील पिढीला यातील गंमत निराळी समजावून सांगावयास नको. नको असलेले चित्र मित्राला देऊन हवे ते घेता येत असे. मॅजिकचे पानही विकता येई, बदलता येई. पान हे भिडूच्या मालकीचे होते.

११ मार्च २०१४ रोजी कॅलिफोर्नियातील ब्लिझर्ड या कंपनीने ‘हार्थस्टोन’ हा खेळ अधिकृतपणे प्रसिद्ध केला, तेव्हा पाकिटाची कल्पना तिने उचलली, परंतु देवघेवीची वाट बंद ठेवली. येथे पान विकता येत नाही, मित्राला देता येत नाही. नको असलेले पान मोडावयाचे आणि त्याची ‘धूळ’ करावयाची. पुरेशी धूळ साठली की हवे ते पान घडवावयाचे, अशी योजना. सोनार जुना दागिना मोडीत घेतो तसाच हा व्यवहार, फक्त येथील घट सोनाराला लाजविणारी आहे. सामान्य प्रतीचे पान घडविण्यास चाळीस धूळ लागते, मोडल्यास पाच मिळते. दुर्मिळ पानास शंभर लागते, वीस मिळते. सर्वांत वरच्या, म्हणजे ‘पौराणिक’ प्रतीच्या पानास सोळाशे लागते आणि मोडल्यास चारशे मिळते. चार पौराणिक पाने मोडावीत तेव्हा एक मनाजोगते घडावे.

एका पाकिटात पाच पाने असतात व त्यांतील निदान एक दुर्मिळ किंवा त्याहून वरच्या प्रतीचे असते. चार सामान्य व एक दुर्मिळ असे साधे पाकीट पूर्णपणे मोडले तर अवघी चाळीस धूळ हाती येते. म्हणजे एका पौराणिक पानासाठी अशी चाळीस पाकिटे हवीत. पौराणिक पान पाकिटातूनच निघावे अशी आशा धरली, तर सरासरीने वीस पाकिटांत एक निघते, आणि तेही कोणते निघेल ते दैवाधीन.

आता हे पाकीट मिळते कसे? खेळातील शंभर सुवर्णनाण्यांना एक. प्रारंभीच्या वर्षांत रोज एक कामगिरी सोपविली जाई व ती पार पाडल्यास साधारणतः चाळीस ते साठ नाणी मिळत. शिवाय तीन डाव जिंकले की दहा नाणी. पन्नास नाण्यांची सरासरी धरली, तर केवळ कामगिरीवर विसंबणाऱ्याला दोन दिवसांत एक पाकीट आणि चाळीस दिवसांत वीस पाकिटे, म्हणजे सरासरीने एक पौराणिक पान. ज्याला थांबावयाचे नसेल त्याच्यासाठी दुकान उघडेच होते: दोन पाकिटांना २.९९ डॉलर, चाळीस पाकिटांना ४९.९९ डॉलर. घाऊक दरानेही वीस पाकिटांचे पंचवीस डॉलर होतात. चाळीस दिवस की पंचवीस डॉलर, असा हा सरळ प्रश्न आहे. या धंद्याचे सारे मर्म त्या प्रश्नात आहे, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. वेळ आणि पैसा यांची ही तागडी आहे व तिचा काटा कंपनीच्या हाती आहे. कामगिऱ्या तीनपेक्षा अधिक साठत नसत हेही लक्षात घ्यावे. चौथ्या दिवशी न फिरकणाऱ्याचे नुकसान होई, आणि भिडू रोज डोकावत राही.

भिडूंच्या तक्रारींमुळे काही सुधारणा झाल्या, हे नमूद करणे न्यायाचे होईल. २०१७ पासून नव्या संचाच्या पहिल्या दहा पाकिटांत एक पौराणिक पान निश्चित मिळू लागले, आणि जवळ असलेलेच पौराणिक पान पुन्हा निघण्याचे बंद झाले. २०२० मध्ये हा नियम सर्व प्रतींच्या पानांना लागू झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात बक्षिसांची संपूर्ण पद्धत बदलण्यात आली, तेव्हा भिडूंनी वही-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला व नव्या पद्धतीत मिळकत घटल्याचा आक्षेप घेतला. कंपनीला ती दुरुस्त करावी लागली. ज्या पोरांना शाळेत त्रैराशिकाचा कंटाळा येतो तीच येथे बिनचूक गणिते करतात, हा एक अनपेक्षित लाभच म्हणावयाचा.

मूळ मॅजिक खेळाची संगणकीय आवृत्ती ‘मॅजिक अरीना’ २०१९ मध्ये पूर्णरूपाने आली. तिच्यात धूळ नाही. पाकिटांतून अधूनमधून एक कोरे पान मिळते व त्याच्या बदल्यात त्याच प्रतीचे कोणतेही पान घेता येते. पद्धत स्वच्छ वाटते. तथापि साठ पानांच्या जोडीत एकाच पानाच्या चार प्रती ठेवता येत असल्याने दुर्मिळ कोऱ्या पानांची चणचण सदैव भासते. २०१९ मध्ये कंपनीने जुन्या पानांसाठी एकाऐवजी दोन कोरी पाने आकारण्याचे जाहीर केले होते. भिडूंनी इतका गहजब केला की तो बेत सोडून द्यावा लागला.

या खेळातील दुकान मात्र बारकाईने पाहण्यासारखे आहे. तेथे बहुतेक वस्तू डॉलर देऊन थेट घ्यावयाच्या नसतात. आधी ‘रत्ने’ घ्यावयाची व मग रत्ने देऊन वस्तू. दहा डॉलरांना, म्हणजे नेमके ९.९९ ला, सोळाशे रत्ने मिळत. ज्या स्पर्धेत पाकिटे फोडून तेथल्या तेथे जोड बांधावयाची असते तिचे प्रवेशमूल्य दीड हजार रत्ने. उरली शंभर. परंतु एका पाकिटाचा दर दोनशे. म्हणजे उरलेल्या शंभरांत काहीच येत नाही, आणि ती वाया जाऊ नयेत म्हणून पुन्हा रत्ने घेण्याचा मोह होतो. जत्रेतील पाळण्याची तिकिटे पाचाच्या पटीत विकावीत आणि पाळण्याला चार तिकिटे लागावीत, तशातला हा प्रकार. शिवाय रत्नांत मोजताना रुपयाची बोच मनाला लागत नाही. घरातील कर्त्या माणसाने मुलाला ‘किती रत्ने खर्चिलीस?’ असे विचारण्याऐवजी त्यांचे रुपये करून घ्यावेत, आणि प्रत्येक खरेदीस परवलीचा शब्द मागण्याची जी सोय फोनमध्ये असते ती चालू ठेवावी.

पाने जमली की प्रगतीचा प्रश्न येतो. सर्वच खेळांत शिडीसारख्या पायऱ्या असतात. हार्थस्टोनमध्ये दर महिन्याला भिडूला खाली उतरवून पुन्हा चढावयास लावतात. याहून परिणामकारक आहे ती संचांची निवृत्ती. एप्रिल २०१६ पासून हार्थस्टोनच्या मुख्य स्पर्धेत केवळ अलीकडचे संच चालू लागले. त्यामागे खरे कारण होते: पानांची संख्या वाढत गेली की नवख्याला प्रवेश दुरापास्त होतो आणि जुनीच पाने डावावर राज्य करतात. पण त्याचबरोबर दोन वर्षांपूर्वी पैसे देऊन घेतलेले पान त्या स्पर्धेपुरते निकामी होते व नव्याची गरज उत्पन्न होते.

हार्थस्टोनच्या रचनेचे नेतृत्व केलेले बेन ब्रोड यांनी पुढे सेकंड डिनर ही संस्था काढली व ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘मार्व्हल स्नॅप’ हा खेळ आणला. जोड अवघ्या बारा पानांची, डाव सहा फेऱ्यांचा. तेथे पाकिटे नव्हती. पानाचे रूप सजवावयाचे, सजावटीमागे संग्रहाची पातळी वाढावयाची आणि पातळी वाढली की नवे पान मिळावयाचे, अशी साखळी होती. नवखे भिडू साधारणपणे आपल्याइतक्याच पानांच्या भिडूशी पडत, त्यामुळे पहिले काही आठवडे विलक्षण समाधानाचे जात. संग्रह वाढला की मात्र नवी पाने फार सावकाश मिळू लागत, आणि तेव्हा दुकानाची पाटी अधिक ठळक दिसे.

मालकीचा प्रश्न याहून गंभीर आहे. जानेवारी २०२३ मध्ये ब्लिझर्ड आणि तिची चिनी सहकारी कंपनी नेटईझ यांचा करार संपला आणि चीनमधील हार्थस्टोन बंद पडला. वर्षानुवर्षे जमविलेली पाने एका रात्रीत हाताबाहेर गेली. खेळ तेथे परतला तो सप्टेंबर २०२४ मध्ये. कागदी पानाच्या धन्याला कंपन्यांच्या भांडणाची झळ अशी बसत नाही. त्याची पाने खोक्यात असतात.

शासनांनी या व्यवहाराकडे निरनिराळ्या दृष्टीने पाहिले आहे. पाकिटांतून निघालेल्या वस्तूंचा विशिष्ट संच पुरा केल्यास मोठे बक्षीस देण्याच्या पद्धतीस जपानने २०१२ मध्ये प्रतिबंध केला. बेल्जियमच्या नियामक मंडळाने २०१८ मध्ये काही खेळांतील अशा पेट्यांना जुगार ठरविले. चीनने मे २०१७ पासून शक्यतांचे आकडे जाहीर करणे बंधनकारक केले. त्यावर ब्लिझर्डने तेथे पाकिटांऐवजी धूळ विकावयास काढली आणि तिच्यासोबत पाकिटे ‘भेट’ म्हणून दिली. कायद्याला बगल देण्याची हातोटी कोणत्याही देशात सारखीच. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये विक्रीच्या फसव्या क्लृप्त्यांविषयी मार्गदर्शक सूत्रे काढली असून ‘आत्ताच घ्या, वेळ संपत आली’ अशी खोटी निकड निर्माण करणे त्यांत गैर ठरविले आहे.

मग प्रामाणिक मार्ग कोणता, असे कोणी विचारील. त्याची दोन उत्तरे प्रत्यक्षात अजमावून झाली आहेत. नोव्हेंबर २०१८ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने खुद्द गारफिल्ड यांच्या हातून रचून घेतलेला ‘आर्टिफॅक्ट’ हा खेळ आणला. तो फुकट नव्हता. वीस डॉलर प्रवेशमूल्य होते, आणि पाने कागदी पानांप्रमाणे विकता-घेता येत. म्हणजे मालकी होती, बाजार होता, किंमत उघड होती. परंतु प्रवेशालाही पैसे व पानांनाही पैसे हे भिडूंना रुचले नाही. थोड्याच आठवड्यांत बहुसंख्य भिडू पांगले आणि मार्च २०२१ मध्ये कंपनीने विकासाचे काम थांबवून खेळ फुकट करून टाकला.

दुसरे उत्तर रायट गेम्सच्या ‘लेजंड्स ऑफ रुनटेरा’चे. एप्रिल २०२० मध्ये आलेल्या या खेळाने आंधळी पाकिटे विकण्याचे नाकारले. आठवडाभर खेळणाऱ्यासाठी एक कोठार उघडे, त्यातून पाने मिळत. हवे असलेले पान ठरावीक किमतीला सरळ घेता येई, आणि मिळकतीचा भार मुख्यतः शोभेच्या वस्तूंवर ठेवला होता. पैसा न खर्चता सर्व पाने मिळविलेले भिडू या खेळात विरळा नव्हते. जाणकारांनी त्याची वाखाणणी केली. जानेवारी २०२४ मध्ये रायटने सुमारे ५३० कर्मचारी कमी केले. त्या वेळी हा खेळ आपला खर्च भागवू शकत नसल्याचे सांगून त्यावरील पथक लहान करण्यात आले. भिडूविरुद्ध भिडू या स्पर्धेपेक्षा एकट्याने खेळावयाच्या मोहिमेकडे पुढील लक्ष वळविण्यात आले. खेळ चालू राहिला, पण ज्या सामन्यांसाठी लोकांनी तो हाती घेतला होता ते मागे पडले. हार्थस्टोनची पाकिटे मात्र विकली जातच राहिली.