एका स्वाक्षरीचे मोल



१९४७ साली न्युरेंबर्गच्या न्यायालयात सत्तावीस वर्षांचे एक अमेरिकन वकील उभे राहिले. त्यांचे नाव बेंजामिन फेरेन्झ. आरोपी होते नाझी हत्यापथकांचे अधिकारी आणि आरोप होता दहा लाखांहून अधिक माणसांच्या हत्येचा. फेरेन्झ यांनी साक्षीदारांची रांग लावली नाही. त्या पथकांनीच बर्लिनला धाडलेले अहवाल न्यायासनापुढे ठेवले. निकालापर्यंत राहिलेले सर्व २२ आरोपी दोषी ठरले.

तथापि जेत्यांनी जितांचा न्याय करावा, ही व्यवस्था निर्दोष नव्हे. टोकियोच्या खटल्यात न्यायमूर्ती राधाविनोद पाल यांनी आपल्या भिन्न निकालपत्रात नेमके याच वर्मावर बोट ठेवले होते. त्यावर उपाय एकच, जेत्यालाही बांधणारे कायमस्वरूपी न्यायालय. त्यासाठी फेरेन्झ यांनी उर्वरित आयुष्य वेचले.

१९९८ साली रोम येथे १२० राष्ट्रांनी अशा न्यायालयाच्या कराराला संमती दिली. अमेरिकेसह सात राष्ट्रांनी विरोध केला, भारतासह एकवीस तटस्थ राहिली. स्वाक्षरीची मुदत होती ३१ डिसेंबर २०००. त्याच महिन्यात फेरेन्झ आणि माजी संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नामारा यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मधून अध्यक्ष क्लिंटन यांना आवाहन केले की, जाण्यापूर्वी एवढे करा. एकाने युद्धगुन्हेगारांवर खटला चालविला होता, तर दुसऱ्याने व्हिएतनामचे युद्ध चालविले होते. दोघांचे मागणे मात्र एकच ठरले. मुदतीच्या अखेरच्या दिवशी अमेरिकेची स्वाक्षरी झाली. पण मे २००२ मध्ये बुश प्रशासनाने त्या स्वाक्षरीचे बंधन झुगारल्याचे संयुक्त राष्ट्रांना कळविले.

आपल्या सैनिकांना नाहक गोवले जाईल, ही अमेरिकेची भीती. तिचे उत्तर करारातच आहे. ज्या राष्ट्राची न्यायव्यवस्था स्वतःहून प्रामाणिक चौकशी करते, तेथे हे न्यायालय हात घालीत नाही.

२०२३ मध्ये पुतीन यांच्यावर अटक वॉरंट निघाले, तेव्हा अमेरिकेच्या अध्यक्षांनी ते समर्थनीय म्हटले. २०२४ मध्ये इस्रायलच्या पंतप्रधानांवर निघाले, तेव्हा तेच अध्यक्ष संतापले. २०२५ मध्ये त्यांच्या उत्तराधिकाऱ्यांनी न्यायालयावरच निर्बंध लादले. वॉरंटाच्या गुणदोषांवर मतभेद असू शकतात; ते मांडण्याची जागा न्यायासनासमोर आहे. प्रतिस्पर्ध्यासाठी कायदा आणि मित्रासाठी सवलत, याला न्याय म्हणत नाहीत.

भारताचे आक्षेप वेगळे आणि विचारार्ह आहेत. सुरक्षा परिषदेला मिळालेले विशेषाधिकार, गुन्ह्यांच्या यादीतून वगळलेला दहशतवाद आणि अण्वस्त्रांचा वापर, हे मुद्दे आजही अनुत्तरित आहेत. पण त्या विशेषाधिकारांचे वाटेकरीच न्यायालयाबाहेर राहिले, तर ती विषमता दूर कोण करणार?

फेरेन्झ २०२३ मध्ये, वयाच्या १०३ व्या वर्षी निवर्तले. त्यांचे आवाहन मात्र एका अध्यक्षापुरते नव्हते. व्हाइट हाउसमध्ये जो कोणी बसेल, त्याला ते लागू आहे. दुर्बळाला कायदा पाळावाच लागतो. बलवान तो स्वेच्छेने पाळील, तेव्हाच जग त्याला न्याय म्हणेल.