धक्का ओसरल्यावर



३० सप्टेंबर १९९३ ची पहाट येथील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून लोक दमून निजलेले. चारच्या सुमारास किल्लारीकडची जमीन हादरली. तो धक्का आपल्या सोलापूर जिल्ह्यातही जाणवला. पण तिकडे दगडमातीच्या रुंद भिंती आणि जड माळवदे निजल्या माणसांवर कोसळली. सुमारे आठ हजार माणसे गेली.

पुढे पक्की घरे बांधून मिळाली. तरी कित्येक जण आत सामान ठेवीत आणि स्वतः बाहेर पत्र्याच्या खोपटात निजत. वाटसरूला हसू यावे असा प्रकार! पण त्यांचा हिशेब साधा होता: पत्रा पडला तर खोक पडेल, छत पडले तर जीव जाईल. भूकंप संपला, ही बातमी बुद्धीला कळली होती. देहाला कळली नव्हती.

मोहोळाला दगड बसला की माश्या उठतात. दगड खाली पडून निपचित होतो, माश्या मात्र घोंगावतच राहतात. आपल्या गावाच्या नावामुळे हा दाखला सुचला, इतकेच. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेचा पूर ज्याने घरात शिरलेला पाहिला, तो आज साध्या सरीनेही दचकून उठत असेल, तर ते असेच घोंगावणे आहे. तेच स्वप्न पुन्हा पडणे, त्या जागेची वाट टाळणे, उगाच चिडणे, माणसांतून उठून जाणे, ही त्याचीच रूपे. आपण त्याला बाहेरची बाधा म्हणतो, नाहीतर भित्रेपणा. पहिल्या महायुद्धात अशा काही सैनिकांना भेकड ठरवून त्यांच्याच सैन्याने गोळ्या घातल्या! १९८० साली अमेरिकेतील मनोवैद्यांनी या दुखण्याला स्वतंत्र विकार म्हणून मान्यता दिली. मराठीत त्याला आघातोत्तर तणाव विकार म्हणतात.

बहुतेकांचे हे घोंगावणे काही आठवड्यांत आपोआप शमते. महिना उलटूनही झोप, काम, संसार सुधारत नसेल, तर मनोवैद्याकडे जावे. मरणाचे विचार येऊ लागले तर एक दिवसही थांबू नये. जाणत्याच्या सोबतीने त्या आठवणीच्या थोडे थोडे जवळ जावयाचे, असा हा उपचार असतो. गरज पडल्यास औषधही देतात. सोलापूरच्या शासकीय रुग्णालयात याचा विभाग आहे. १४४१६ या सरकारी दूरध्वनीवर रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येते, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

घरच्यांना एकच विनंती. "काय झाले ते सांग" म्हणून खोदून विचारू नका. तो बोलेल तेव्हा ऐका. पहिल्या खेपेस मात्र त्याच्याबरोबर एस्.टी.त बसून दवाखान्यापर्यंत जा. पुष्कळ जण स्टँडवरूनच परत फिरतात.