मृगांतील तेजोमेघ

हिवाळ्यांतील निरभ्र रात्रीं मृग नक्षत्रांतील बाणाचे तीन तारे ओळखणें कोणासही कठीण नाहीं. त्यांच्या दक्षिणेस एक अंधुक ठिपका दिसतो. सुमारें १,३०० प्रकाशवर्षें दूर असलेला तो तप्त वायूचा मेघ होय. १८६५ सालीं विल्यम हगिन्स ह्या इंग्रज ज्योतिर्विदानें वर्णपटावरून त्याचें वायुरूप दाखवून दिलें.

दुर्बिणींतून मेघाच्या मध्यभागीं चार ताऱ्यांचा लहानसा चौकोन दिसतो. त्यांतील सर्वांत तेजस्वी ताऱ्याचें वस्तुमान सूर्याच्या तीसपटींहून अधिक आहे. त्याच्या अतिनील किरणांनीं भोंवतालच्या हायड्रोजनचे अणु फुटतात व तो वायु सुमारें १०,००० अंशांपर्यंत तापून प्रकाशूं लागतो. मागें थंड व दाट मेघाची भिंत असल्यामुळें तापलेल्या वायूस मोकळी वाट पृथ्वीच्या दिशेनेंच मिळते. शिवाय ताऱ्यावरून सुटणाऱ्या कणांच्या वाऱ्यानें एक विशाल पोकळी कोरली आहे. तिचें कवच सेकंदास सुमारें १३ किलोमीटर वेगानें फुगत असल्याचें २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत आढळलें.

ज्या मेघानें जन्म दिला, त्यासच हा तारा उधळून लावीत आहे. जवळच्या अनेक कोवळ्या ताऱ्यांभोंवतीं वायु व धूळ यांच्या चकत्या आहेत. ग्रह घडावयाचे ते त्यांतूनच. परंतु या प्रखर किरणांनीं त्याही झिजत आहेत. तेथें ग्रह आधीं घडतात कीं चकत्या आधीं विरतात, यावर कित्येक भावी ग्रहमालांचें अस्तित्व अवलंबून आहे.