सहा वाजता, गेटपाशी

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेलं भाषण)



‘चांगल्या सवयी टिकवायच्या कशा’ यावर मी बोलणार म्हटल्यावर घरात हशा पिकला. कारण आमच्याकडे ट्रेडमिल आहे आणि पावसाळ्यात तिच्यावर टॉवेल फार छान वाळतात.

पाच वर्षांपूर्वी माझं एचबीएवनसी ७.९ आलं. ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा हिशेब देते. आदल्या रात्री भात सोडून तिला फसवता येत नाही. ६.५ पासून पुढे मधुमेह धरतात. माझ्या वडिलांची नजर मधुमेहानेच गेली. शेवटची काही वर्षं मी त्यांना पेपर वाचून दाखवायचो. एवढं डोळ्यांनी पाहिलेलं, तरी ती भीती मला जेमतेम तीन आठवडे पुरली. नवे बूट आणले, मोबाइलवर पावलं मोजली. मग ऑफिसात मार्च एंड आला. दोन दिवस चालणं चुकलं, आणि मग चुकतच गेलं.

पुन्हा सुरुवात झाली त्याचं श्रेय माझं नाही. बी विंगमधल्या काकांची बायपास झाली होती. डॉक्टरांनी चालायला सांगितलेलं, पण एकटं खाली उतरायची त्यांना धास्ती वाटे. काकू दारात येऊन म्हणाल्या, “सकाळी जरा सोबत कराल का? आठवडाभरच.” नाही कसं म्हणणार?

पहिल्या दिवशी आम्ही गेटपासून पाण्याच्या टाकीपर्यंत गेलो आणि बाकावर टेकलो. महिन्याभरात कंपाउंडच्या दोन फेऱ्या व्हायला लागल्या. गजर बंद करून मी कितीदा तरी कूस बदलली असेल. पण तेवढ्यात इंटरकॉम वाजायचा, “साहेब, काका आलेत.” कानटोपी घालून उभा असलेला माणूस डोळ्यांपुढे यायचा आणि उठावंच लागायचं.

आठ महिन्यांनी माझा रिपोर्ट ६.८ आला. गोळी चालूच आहे, पण डोस वाढवावा लागला नाही. काकांना सांगितलं तर म्हणाले, “म्हणजे मीच तुला फिरवत होतो की!”

यातून मी एवढंच शिकलो की उत्साहाची वाट बघू नये. तो पाहुणा आहे, चार दिवस राहून जातो. त्यापेक्षा ठरलेली वेळ आणि वाट बघणारं माणूस हवं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला निदान १५० मिनिटं भरभर चालण्याइतका व्यायाम सांगते. म्हणजे पाच दिवस, रोज अर्धा तास. तेवढं जमलं नाही तर दहा मिनिटं चाला. एक दिवस चुकला तर स्वतःला माफ करा, दुसरा मात्र चुकवू नका.

दिवाळीनंतर काका-काकू मुलीकडे राहायला गेले. त्या सोमवारी मी खाली गेलो, गेटपाशी कुणी नव्हतं. खोटं कशाला बोलू, तसाच वर येऊन झोपलो. पुढचे चार दिवसही गेलो नाही. एवढ्या वर्षांची सवय, पण एका माणसावर उभी होती.

तेव्हा हे भाषण थोडं स्वार्थाचंच आहे. उद्या सकाळी सहा वाजता मी गेटपाशी उभा असेन. कुणीतरी या. आणि मीच दिसलो नाही, तर वॉचमनला सांगून माझा इंटरकॉम वाजवा.