‘एका स्त्रीचा पती’, आणि त्या स्त्रीचे काय?

(अभ्यासवर्गात दिलेले भाषण)



आजचा विषय ऐकून तुमच्यापैकी काही जणी म्हणाल्या, हा तर तुमच्या चर्चचा घरगुती प्रश्न, आम्ही त्यात काय बोलणार? प्रश्न घरगुतीच आहे. म्हणूनच तो इथे मांडते आहे.

१९९६ साली आमच्या सल्ला केंद्रात एक बाई आल्या. नवरा पाळक, म्हणजे प्रॉटेस्टंट मंडळीचा धर्मगुरू. बारा वर्षे मारहाण चाललेली. तरी पोलिसांत जायचे नाही, ही त्यांची पहिली अट. “मी बोलले तर ह्यांची नेमणूक जाईल, आणि नेमणूक गेली की घर जाईल,” त्या म्हणाल्या. घर चर्चच्या आवारातले, चर्चच्या मालकीचे. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी त्यांना बायबलमधला एक मुद्दा ऐकवला होता : ज्याचे घर ताब्यात नाही, त्याच्या हाती मंडळी देता येत नाही. तेव्हा बाई, घर सांभाळा. परीक्षा नवऱ्याची, पेपर मात्र बायकोने सोडवायचा.

हा मुद्दा येतो कुठून? नव्या करारात तीमथ्याला लिहिलेले पहिले पत्र आहे, त्याच्या तिसऱ्या अध्यायातून. मंडळीचा अध्यक्ष कसा असावा याची तिथे यादी आहे. दुसऱ्या वचनात तो एका स्त्रीचा पती असावा अशी अट आहे. चौथ्या-पाचव्यात घर चालवण्याची आणि मुले आज्ञेत ठेवण्याची. आणि मधल्या, तिसऱ्या वचनात? तो दारूबाज नसावा, आणि मारणारा नसावा. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सरळ आहे : हात उगारणारा. तीताला लिहिलेल्या पत्रातही हीच अट पुन्हा येते. त्या बाईंना चौथे वचन वाचून दाखवले गेले, तिसरे नाही. दोन्ही एकाच पानावर आहेत.

आता ‘एका स्त्रीचा पती’. ग्रीकमध्ये हे तीनच शब्द, पण त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या वाद झाला. कुणी म्हणते, दोन बायका नकोत. पण ग्रीक-रोमन समाजात कायद्याने एका वेळी एकच बायको असे. कुणी म्हणते, पहिली वारल्यावर दुसरी करू नये. कुणी म्हणते, लग्न झालेलेच असावे. तसे असेल तर अविवाहित पौलाचे काय करायचे? मला स्वतःला ‘बायकोशी एकनिष्ठ’ हा अर्थ अधिक पटतो. व्यवहारात मात्र ही अट बहुतेक वेळा घटस्फोटापुरती वापरली जाते. घटस्फोट झाला की पद जाते. मारहाण झाली तर प्रार्थना होते.

त्याच अध्यायात पुढे सेवकांच्या अटी आहेत, आणि त्यांच्या मध्येच अकराव्या वचनात बायकांविषयी एक वाक्य. ग्रीकमध्ये स्त्री आणि पत्नी यांना एकच शब्द आहे. आपल्याला हे कळायला अवघड नाही, मराठीत ‘बायका’ म्हटले की दोन्ही अर्थ निघतात. मग या कोणाच्या बायका? ‘त्यांच्या’ असा शब्द मूळ वाक्यात नाही. चौथ्या शतकात ख्रिसोस्तोमने याचा अर्थ सेवापद सांभाळणाऱ्या स्त्रिया असाच घेतला होता. रोमकरांस पत्रात फीबी नावाच्या बाईला तेच सेवकपद लावलेले आहे. पण पुष्कळ भाषांतरांत ‘त्यांच्या’ हा शब्द आला, आणि पद सांभाळणाऱ्या बाया पदाधिकाऱ्यांच्या बायका झाल्या.

पाचव्या अध्यायात हीच अट उलटी येते. मंडळीच्या यादीत घ्यायची विधवा साठीच्या पुढची असावी आणि एकाच नवऱ्याची असावी. तरुण विधवांनी मात्र लग्न करावे, नाहीतर त्या घरोघर फिरून वटवट करतील, असे पत्र म्हणते. म्हणजे सांगितल्याप्रमाणे तिने दुसरे लग्न केले आणि पुन्हा विधवा झाली, तर म्हातारपणी यादीत तिचे नाव येईल का? हे पंडिता रमाबाईंनीही मराठीत आणले आहे. १८८२ साली विधवा झालेल्या, पुन्हा लग्न न केलेल्या बाईने. त्या ओळी लिहिताना त्यांच्या मनात काय आले असेल, असे मला नेहमी वाटते.

कॅथलिक मैत्रिणी म्हणतील, आमच्या फादरांना लग्नच नाही. पण पेत्राला सासू होती, हे मत्तयात आहे. पश्चिमेकडे धर्मगुरूंची लग्ने कित्येक शतके होत होती. ११३९च्या दुसऱ्या लॅटरन परिषदेने ती अवैधच ठरवली. त्याआधी १०८९ साली मेल्फीच्या धर्मसभेने, बायको न सोडणाऱ्या उपसेवकांच्या बायका सरदारांनी गुलाम म्हणून घ्याव्यात, अशी मुभा दिली होती. नियम मोडला पुरुषाने, गुलाम झाली बाई. इतिहासाच्या पुस्तकांत ह्याला ‘सुधारणा’ म्हणतात.

आमच्या बाईंकडे कायद्याचाही आधार नव्हता. १८६९च्या भारतीय घटस्फोट कायद्याप्रमाणे ख्रिस्ती नवऱ्याला पत्नीचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे होते. पत्नीला त्याच्या व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. नुसत्या मारहाणीवर सुटका नव्हती. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने ती मोकळी केली, आणि संसदेने दुरुस्ती केली ती २००१ साली. २००५च्या कायद्याने राहत्या घराचा हक्क दिला. पण नेमणुकीबरोबर आलेले घर नेमणूक संपली की सोडावे लागते, तिथे हा हक्क किती पुरतो?

आम्ही बाईंबरोबर समितीपुढे गेलो. तिसरे वचन त्यांनीच मोठ्याने वाचले. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एका वडिलांनी विचारले, “घर कधी रिकामे करणार?” नवऱ्याची बदली झाली, दुसऱ्या गावच्या मंडळीत, त्याच पदावर. बाई दोन मुलांना घेऊन बहिणीकडे राहिल्या, आणि पुढे एका वसतिगृहात कामाला लागल्या.

पाळकावर तक्रार आली तर चौकशी संपेपर्यंत पत्नी आणि मुले त्याच घरात राहतील, आणि नवऱ्याची सोय दुसरीकडे होईल, एवढा नियम आम्ही लेखी मागितला होता. उत्तर आलेले नाही. तुमच्या गावी मिशनचे आवार असेल, तर तिथेही मागून पाहा.