घरातली विद्या : विणकाम आणि क्रोशाकाम

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित महिला मेळाव्यातील व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी मी माझ्या छंदाविषयी बोलावे, अशी महिला मंडळाची इच्छा. मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवले. विणकामाचा छंद मला उशिरा लागला आणि तो लागण्याच्या मुळाशी माझी एक चूक आहे. तिथूनच आरंभ करते.

माझ्या सासूबाई क्रोशाचे काम फार सुरेख करीत. दारावरचे तोरण, देव्हाऱ्यापुढचा पडदा, दुधाच्या भांड्यावर घालायची मणी लावलेली जाळी, नातवंडांची टोपडी, सारे त्यांच्या हातचे. दुपारी घरात निजानीज झाली की त्या खिडकीशी सुई घेऊन बसत. मी पलीकडे वह्या तपासत असे. त्यांनी मला एकदा नव्हे, अनेकदा विचारले, ''शिकतेस का गं? सोपं आहे.'' मी म्हणायची, ''आई, सुट्टी लागली की बघू.'' सुट्ट्या लागत गेल्या, संपत गेल्या. सासूबाई गेल्या, आणि पुढच्या पाडव्याला तोरण काढले तर त्यातले एक फूल उसवलेले. ते नीट करणारे घरात कोणी उरले नव्हते. त्यांनी काहीही लिहून ठेवले नव्हते. सारा नमुना त्यांच्या बोटांत होता.

क्रोशाकामाची एक गंमत आहे. दोन सुयांवरच्या विणकामात एका ओळीतले सगळे टाके एकाच वेळी सुईवर जिवंत असतात. क्रोशात मात्र आकड्यावर जिवंत असा एकच फास असतो; बाकीचे टाके त्या त्या वेळी पुरे झालेले असतात. त्यामुळे शेवटची गाठ सापडली की दोरा ओढत ओढत केलेले काम उलट्या क्रमाने वाचता येते. मी ते उसवलेले फूल घेतले, गाठ सोडली आणि एकेक टाका उसवत वहीत नोंद केली. इतक्या साखळ्या, इतके मुके खांब, इतके खांब. मग ती यादी खालून वर वाचून नवे फूल करायला बसले. पहिले फूल वाटीसारखे खोल झाले. दुसऱ्याला झालर पडली. वर्गात मुलांना वर्तुळाचा परीघ शिकवणारी मी, माझ्या हातून एक सपाट वर्तुळ होईना!

आपल्यापैकी अनेकींना यातले कारण ठाऊक असेल. पहिल्या फेरीत १२ खांब असतील तर दुसऱ्या फेरीत २४ हवेत, तिसऱ्या फेरीत ३६. वाढ कमी पडली की वाटी होते, जास्त झाली की झालर पडते. सासूबाईंनी परिघाचे सूत्र कधी पाठ केले नव्हते, परंतु त्यांचे एकही फूल वाकडे गेले नाही.

ही झालर किती मोलाची आहे, हे एका गणितज्ञ स्त्रीने जगाला दाखवले. लॅटव्हियात जन्मलेल्या डायना टायमिना अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात भूमिती शिकवीत होत्या. हायपरबोलिक प्रतल या नावाचा, सर्व बाजूंनी लाटांसारखा पसरत जाणारा पृष्ठभाग विद्यार्थ्यांना हातात देता यावा, असा प्रश्न होता. कागदाचे नमुने हाताळताना फाटत. १९९७ मध्ये टायमिनाबाईंनी क्रोशाची सुई घेतली आणि ठराविक टाक्यांमागे एक टाका वाढवीत तो पृष्ठभाग विणून काढला. तो घडी घालता येईल, ओढता येईल, मुलांच्या हातात देता येईल असा झाला. आपण जिला 'बिघडलेला रुमाल' म्हणून उसवून टाकतो, तीच ही भूमिती.

आता याच कामाची दुसरी बाजू सांगते. आंध्र प्रदेशात पश्चिम गोदावरी जिल्ह्यात नरसापूर नावाचे गाव आहे. त्या भागात एकोणिसाव्या शतकात मिशनरी मंडळींनी स्त्रियांना क्रोशाची जाळी करायला शिकवले. पुढे हजारो घरांत हे काम सुरू झाले आणि तो माल परदेशी जाऊ लागला. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी तेथे राहून या स्त्रियांचा अभ्यास केला आणि १९८२ मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांनी दाखवले ते मन अस्वस्थ करणारे आहे. या स्त्रिया दिवसाचे कित्येक तास राबत होत्या, परंतु 'गृहिणींचा फावल्या वेळचा उद्योग' या एका शब्दप्रयोगामुळे त्यांच्या कष्टाला मजुरी म्हणून हिशेबातच धरले जात नव्हते. व्यापार करणारे श्रीमंत झाले. विणणाऱ्या होत्या तिथेच राहिल्या. २०२४ मध्ये नरसापूरच्या क्रोशाला भौगोलिक मानांकन मिळाले. उशिरा का होईना, नावाला मान मिळाला. हातांना मोल मिळावे, ही अपेक्षा उरतेच.

एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मोजे विणण्याचे यंत्र इंग्लंडमध्ये विल्यम ली यांनी १५८९ मध्येच बनवले. आज बहुतेक स्वेटर यंत्रावरच होतात. क्रोशाचे तसे नाही. क्रोशासारखी दिसणारी यंत्राची जाळी बाजारात मिळते, पण तिची वीण निराळी असते. खरे क्रोशाकाम अजूनही हातानेच करावे लागते. तेव्हा दुकानात एखादा क्रोशाचा कुर्ता फारच स्वस्त दिसला, तर त्यामागे कोणाचे तरी डोळे आणि बोटे अत्यल्प मोलात झिजली आहेत, हे आपण ओळखावे. 'फावल्या वेळचे काम' हे शब्द मी स्वतः सासूबाईंच्या बाबतीत वापरले होते. म्हणून हे सांगताना मी इतरांकडे बोट दाखवीत नाही.

भगिनींनो, विणकामाने मला बरेच काही दिले. निवृत्तीनंतरच्या रिकाम्या दुपारी भरल्या. चूक दिसली की दहा ओळी उसवायला मन कचरत नाही, कारण दोरा वाया जात नाही. ज्यांना लोकर वापरायची नसेल त्यांनी सुती दोरा घ्यावा. आपल्या हवेला तोच अधिक मानवतो. एक आकडा आणि एक दोऱ्याचा गुंडा, एवढाच भांडवली खर्च.

या निमित्ताने विश्वस्त मंडळापुढे एक नम्र सूचना ठेवते. आपल्या सभागृहात आठवड्यातून दोन तास ज्येष्ठ भगिनींनी यावे व ज्यांना हौस आहे त्यांना शिकवावे. मुलगेही आले तरी हरकत नाही. प्रत्येकीने आपला एक नमुना आणावा. शिकणाऱ्याने त्याचे टाके वहीत उतरवून घ्यावेत आणि त्याखाली करणारीचे नाव लिहावे. कोणी वस्तू विकायला ठेवली तर तिची किंमत दोऱ्याच्या वजनावर न ठरवता लागलेल्या तासांवर ठरवावी. पन्नास वर्षांचा इतिहास आपण या स्मरणिकेत जपत आहोत. घरोघरच्या खिडक्यांशी बसून झालेले हे कामही त्या इतिहासाचा भाग आहे.

आमचे तोरण आज पुन्हा दारावर आहे. त्यातली आठ फुले सासूबाईंची आणि एक माझे. माझे फूल जरा आवळलेले आहे. जवळून पाहणाऱ्याला ते लगेच ओळखू येते. तुमच्या घरात कोणी ''शिकतेस का गं?'' असे विचारीत असेल, तर सुट्टीची वाट पाहू नका. आजच दुपारी तिच्याजवळ जाऊन बसा.