खाणीचा निधी, वर्गातला टॅब

घुग्घुसच्या जमिनीतून कोळसा निघतो आणि त्याची धूळ आपल्या वाट्याला येते. त्या कोळशाच्या पैशातून मुलांच्या हाती टॅबही यायला हवेत. 2015च्या खाण कायदा दुरुस्तीनं तशी सोय केली आहे. खाणचालक स्वामित्वधनाबरोबर जिल्हा खनिज प्रतिष्ठानलाही ठरावीक रक्कम देतात आणि खाणबाधित भागातलं शिक्षण हा त्या निधीच्या प्राधान्याचा विषय आहे. शाळा व्यवस्थापन समितीनं टॅबची गरज शाळा विकास आराखड्यात नोंदवावी, ठराव करावा आणि शिक्षण विभागामार्फत प्रस्ताव पाठवावा. टॅबच्या किमतीसोबत वीज, इंटरनेट, शिक्षकांचं प्रशिक्षण आणि दुरुस्तीचा खर्चही त्यात धरावा. पालकांनो, समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय नक्की मांडा.